वाचकांचे प्रश्न : मुरलेली लाल वाइन कशी पारखावी?

नव्या वाइनच्या चवीविषयी मागील अंकांत लिहिल्यानंतर आलेली बरीच पत्रे एकाच विषयाकडे वळलेली आहेत. जुनी, नामांकित लाल वाइन हाती आल्यावर तिची पारख कशी करावी आणि जे जाणवते ते वयाचे लक्षण आहे की बिघाडाचे, हे कसे ओळखावे, असे या पत्रांतून विचारले गेले आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे. उत्तरांत 'जुनी' आणि 'मुरलेली' हे शब्द मी वेगवेगळ्या अर्थांनी वापरले आहेत. वर्षे लोटली की कोणतीही वाइन जुनी होते. मुरण्यासाठी मात्र तिच्यात मुळातच फळ, आम्लता आणि तुरटपणा यांचा पुरेसा साठा असावा लागतो. जगात तयार होणारी बहुतेक लाल वाइन पहिल्या काही वर्षांतच पिऊन संपवण्यासाठी केलेली असते आणि ती ठेवून दिल्याने तिची प्रतिष्ठा वाढत नाही.

प्रश्न : माझ्याकडे फ्रान्समधील बोर्दो प्रदेशाची पंचवीस वर्षांची एक बाटली आली असून ती चार मित्रांसह चाखण्याचा बेत आहे. उघडण्यापूर्वी काय पाहावे आणि किती तास आधी उघडून ठेवावी?

उत्तर : ही बाटली इतकी वर्षे कोठे होती, हे सर्वांत आधी विचारावे. सुमारे १२ ते १३ अंश सेल्सियस तापमानात, अंधारात, हादरे न बसता, बूच ओले राहील अशी आडवी ठेवलेली वाइन आणि दर उन्हाळ्यात तापणाऱ्या कपाटात उभी राहिलेली तीच वाइन, या चवीच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू असतात. लेबल दोघींचे सारखेच असते, म्हणून लेबल वाचण्याआधी बाटलीतील वाइनची पातळी पाहावी. बोर्दोच्या बाटलीला ठळक खांदे असतात, त्यामुळे पातळी सांगण्याची रीतही त्यांवरूनच पडली आहे. पंचवीस वर्षांनंतर पातळी मानेच्या तळाशी असेल तर ती चांगली, खांद्याच्या वरच्या कडेशी असेल तर चालण्याजोगी समजावी; ती खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर बुचातून हवा आत शिरली असावी असे धरून चालावे. फ्रान्समधीलच बर्गंडी प्रदेशाच्या उतरत्या खांद्यांच्या बाटलीत असे टप्पे दिसत नाहीत, म्हणून तेथे बुचाच्या खालच्या टोकापासून पातळी किती सेंटिमीटर खाली आहे ते मोजतात. बूच तोंडाबाहेर किंचित आलेले असेल किंवा आवरणाखाली वाइन पाझरल्याचे चिकट डाग असतील, तर बाटली केव्हातरी तापली असण्याचा संभव मोठा असतो.

चाखण्याच्या निदान एक दिवस आधी बाटली उभी करून ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. जुने बूच भुसभुशीत झालेले असते आणि नेहमीच्या कॉर्कस्क्रूने ते मध्येच तुटते. त्यासाठी बूच आणि काच यांच्यामध्ये दोन पातळ पाती सरकवून, फिरवत फिरवत वर ओढण्याचे जे साधन मिळते ते अशा वेळी अधिक विश्वासाचे ठरते. तरीही बुचाचे तुकडे वाइनमध्ये पडलेच तर घाबरण्याचे कारण नाही; धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलीच्या कापडातून ती गाळून घ्यावी.

किती तास आधी उघडावी, या प्रश्नावर जाणकारांत एकमत नाही. बोर्दोचे वाइनशास्त्रज्ञ एमील पेनो (१९१२-२००४) यांचे मत असे होते की, साका असेल तरच वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे ओतून ठेवण्याच्या काचपात्रात, काढावी आणि तीही वाढण्याच्या अगदी आधी, कारण हवेमुळे नाजूक गंध विरून जातात आणि गेलेला गंध परत आणता येत नाही. वीस वर्षांहून जुन्या वाइनच्या बाबतीत मी त्यांचेच मत पाळतो. त्यामागे एक फसलेला प्रसंग आहे. चाळीस वर्षांची एक बर्गंडी मी पाहुण्यांच्या चार तास आधी मोठ्या हौसेने डिकँटरमध्ये ओतली, आणि सगळे बसेपर्यंत तिच्यात फिकट आंबट पाण्यापलीकडे काही उरले नव्हते. चांगला वास राहिला होता तो फक्त काढून ठेवलेल्या बुचाला. आपली वाइन जेमतेम अर्धा तास आधी उघडावी, बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा छोटा दिवा धरून एका संथ धारेत ती डिकँटरमध्ये काढावी आणि साक्याची काळी रेघ मानेपाशी पोहोचताच हात थांबवावा. वाइन घट्ट, बंद वाटली तर ग्लासातच तिला वेळ देता येतो. आधीच उडून गेलेल्या वाइनला मात्र कोणताच उपाय नाही.

ग्लास पोटाकडे रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. चाखण्यासाठी १९७७ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने जो प्रमाण ग्लास ठरवला त्याची क्षमता सुमारे २१५ मिलिलिटर आहे आणि त्यात ५० मिलिलिटर एवढीच वाइन ओतणे अपेक्षित असते. उरलेली जागा गंधासाठी असते. तापमान १६ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवावे आणि शंका असेल तर थोडी थंडच ओतावी, कारण ती हाताच्या उबेने आपोआप वर येते.

प्रश्न : ग्लासात ओतल्यावर वाइन फिकट आणि कडेला विटकरी दिसली. माझा एक मित्र लगेच म्हणाला की, ती उतरली आहे. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या मित्राने घाई केली असे मला वाटते. नव्या लाल वाइनचा जांभळट रंग द्राक्षाच्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये वर्षानुवर्षे टॅनिनशी, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्याशी, जोडली जाऊन मोठे रेणू बनतात, त्यांची छटा माणकासारख्या लाल रंगाकडून विटकरीकडे सरकते, आणि त्यांतील काही इतके जड होतात की तळाशी बसतात. वाइनमधून जो रंग 'गेला' असे आपण म्हणतो, त्याचा बराचसा भाग बाटलीच्या तळाशी साक्याच्या रूपात पडलेला असतो. साक्यात कधी कधी बारीक चकचकीत कणही सापडतात. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असून निरुपद्रवी असतात.

रंगाचा अर्थ द्राक्षावरून लावावा लागतो. इटलीच्या पिएमाँतमधील नेब्बिओलो द्राक्षाची बारोलो ही वाइन तरुण वयातच कडेला नारिंगी झाक दाखवते, आणि बर्गंडीच्या पिनो न्वार द्राक्षाचा रंग पहिल्यापासूनच हलका असतो. स्पेनमधील रिओखाची 'ग्रान रेसेर्वा' या दर्जाची वाइन किमान पाच वर्षे, आणि त्यांतील किमान दोन वर्षे ओकच्या पिंपात काढल्यावरच बाहेर पडते, त्यामुळे ती फिकट असणे हे तिच्या घडणीतच आहे. उलट फ्रान्समधील एर्मिताजची सिरा द्राक्षाची वाइन किंवा चांगल्या वर्षाची काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची वाइन तीस वर्षांनंतरही मध्यभागी गडद असू शकते. तिचीच दहा वर्षांची बाटली तपकिरी दिसली, तर मात्र उष्णतेचा किंवा हवेचा संशय घ्यावा. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून मध्यापासून कडेपर्यंत रंग किती टप्प्यांनी बदलतो ते पाहावे आणि छटेपेक्षा झळाळीकडे अधिक लक्ष द्यावे. विटकरी पण नितळ आणि तेजस्वी वाइन बहुतेक वेळा जिवंत निघते. साका ढवळला गेलेला नसतानाही जी मंद आणि धुरकट दिसते, तिच्याबद्दल माझी अपेक्षा आधीच कमी होते.

डोळ्यांवर फार विसंबू नये, असे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. बोर्दो विद्यापीठातील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एका पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला असता त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. शिकलेल्या नाकांची ही अवस्था असेल, तर विटकरी कडा पाहून 'सुका मेवा, तंबाखू' असे लिहून मोकळे होण्याचा मोह आपल्यालाही होणारच. म्हणून मी गंधाची पहिली नोंद रंगाकडे निरखून पाहण्यापूर्वी करतो.

प्रश्न : मुरलेल्या वाइनच्या वर्णनात चामडे, तंबाखू, जंगलातील ओली माती, अळिंबी असे शब्द वाचायला मिळतात. मला मात्र दरवेळी 'जुन्या कपाटाचा' वास येतो. माझे नाक कमी पडते, की वाइन बिघडलेली असते?

उत्तर : आपला शब्द उत्तम आहे, फक्त तो अर्ध्यावर थांबला आहे. कपाट कसले, हा पुढचा प्रश्न स्वतःला विचारावा. देवदारासारख्या सुगंधी लाकडाचे, आत कोरडी पाने आणि तंबाखू ठेवलेले कपाट असेल, तर तो मुरलेल्या काबर्नेचा जवळजवळ नमुनेदार गंध आहे. भिंतीला ओल आलेल्या खोलीतले, आत भिजलेला पुठ्ठा कुजलेले कपाट असेल, तर बूच बिघडले आहे. पेन्सिल तासताना येणारा वास, जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकांचा वास, फार दिवस न उघडलेल्या खोलीचा वास, हे सारे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा निष्कर्षही वेगळा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील ॲन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या गंधांचे जे चक्र मांडले, त्याची युक्ती हीच होती : मध्यभागी ढोबळ शब्द आणि बाहेर सरकताना अधिकाधिक नेमके शब्द. ते चक्र पाठ करण्याची गरज नाही, पण ढोबळाकडून नेमक्याकडे जाण्याची सवय अवश्य लावावी.

त्याआधी थोडा धीर धरावा लागतो. दोन-तीन दशके हवेपासून जवळजवळ तुटलेली वाइन उघडताच तिला एक कोंडलेला वास येतो. तो दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो, म्हणून पहिल्या वासावर कधीही निकाल देऊ नये. ग्लास न हलवता एकदा हुंगावे, लिहावे. मग अगदी हलकेच फिरवून पुन्हा हुंगावे. तरुण वाइनला जसे गरागरा फिरवतात तसे जुन्या वाइनला फिरवू नये. प्रत्येक हुंगण्यामध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावा, कारण नाक लवकर थकते आणि थकलेले नाक सवयीने उत्तर देते.

गंधांचे थर वेगळे करता आले की गोंधळ बराच कमी होतो. पहिला थर द्राक्षाचा, म्हणजे फळे, फुले, हिरवी पाने. दुसरा आंबवणीचा आणि ओकच्या पिंपाचा, म्हणजे व्हॅनिला, भाजलेले लाकूड, लोणी. आणि तिसरा वर्षांचा. ताज्या फळांचा वास देणारी एस्टरे बाटलीत हळूहळू विघटित होतात आणि त्यामुळे ताज्या चेरीची जागा सुकलेली चेरी, अंजीर किंवा मनुका घेतात. त्याच वेळी डायमिथाइल सल्फाइडसारखी संयुगे वाढतात, ज्यांचा अल्प अंश ट्रफल आणि ऑलिव्हची आठवण करून देतो. मुरलेल्या नेब्बिओलोत डांबर आणि सुकलेला गुलाब एकत्र भेटतात, आणि हे वर्णन कितीही झिजलेले असले तरी चांगली जुनी बारोलो समोर आली की मला दुसरे शब्द सुचत नाहीत. महत्त्वाची गोष्ट ही की, तिसरा थर पहिल्या थराच्या जोडीने यावा. चामडे, माती आणि अळिंबी यांच्या मागे फळाचा धागा अजून सापडत असेल तर वाइन मुरलेली आहे; धागा तुटला असेल आणि केवळ माती उरली असेल, तर ती फक्त जुनी आहे. खरी श्रीमंत वाइन पहिल्या पाच मिनिटांत जे सांगते तेच विसाव्या मिनिटाला सांगत नाही, म्हणून मी नोंदीच्या बाजूला घड्याळातील वेळ लिहून ठेवतो.

आता बिघाडाविषयी. बुचाचा दोष ज्याला म्हणतात तो बहुतांशी ट्रायक्लोरोॲनिसोल, म्हणजेच टीसीए, या संयुगाने होतो. बुरशी क्लोरिनयुक्त फिनॉलांवर वाढली की ते तयार होते आणि एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढ्या प्रमाणातही नाकाला कळते. प्रमाण जास्त असेल तेव्हा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास स्पष्ट येतो आणि ओळखण्यात अडचण नसते. फसवणूक होते ती प्रमाण कमी असताना, कारण तेव्हा दुर्गंधी येत नाही, फक्त फळ गप्प होते आणि चव आखूड पडते. जपानी संशोधकांनी २०१३ साली न्यूट या उभयचर प्राण्याच्या घ्राणपेशींवर केलेल्या कामातून असे दाखवले की, टीसीए त्या पेशींचा संदेशच दाबून टाकते. त्यावरून ही मुकी वाइन कशी घडत असावी याचा अंदाज येतो. कोंडलेला वास हवेत जातो, टीसीएचा वास मात्र वेळ जाईल तसा वाढत असल्यासारखा वाटतो. दोहोंतला फरक ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

हवा लागून बिघडलेली वाइन शिजवलेली मनुका, कापून तपकिरी पडलेले सफरचंद आणि शेरी ही स्पॅनिश वाइन यांच्याकडे झुकते. तबेल्याचा, घोड्याच्या घामाचा किंवा औषधी चिकटपट्टीचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे तयार होणाऱ्या इथाइल फिनॉलांचा असतो. येथे मात्र निकाल इतका सरळ नाही, कारण त्याची हलकी छटा अनेक जुन्या नामांकित वाइनमध्ये आढळते आणि काही जाणकार तिला स्वभावाचा भाग मानतात. फळ झाकले जात नाही तोपर्यंत मी ती सहन करतो. झाकले गेले की नाव कितीही मोठे असो, तो दोषच. व्हिनेगर किंवा नखांचा रंग पुसण्याच्या द्रावणासारखा चुरचुरीत वास ॲसिटिक आम्ल आणि इथाइल ॲसिटेट यांचा असतो, आणि त्याबाबतीत तर इतिहासानेच पाठ्यपुस्तकाची खोडी काढली आहे. १९४७ च्या कडक उन्हाळ्यात पिकलेल्या द्राक्षांची शातो शव्हाल ब्लाँ ही वाइन मद्यार्काने जड, थोडी साखर शिल्लक राहिलेली आणि वाष्पशील आम्लता, म्हणजे हाच व्हिनेगरी अंश, बरीच असलेली अशी तयार झाली. आज एखाद्या विद्यार्थ्याने असे आकडे असलेली वाइन केली तर शिक्षक ती नाकारतील, पण तीच वाइन विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेल्या बोर्दोंपैकी एक ठरली.

प्रश्न : चव घेताना नेमके काय तपासावे? जुनी वाइन मऊ लागली की ती चांगली, एवढेच मला कळते.

उत्तर : मऊपणा ही सुरुवात आहे, पण फळ संपून गेलेली वाइनही मऊच लागते, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही. मध्यम घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी आणि मग वाइन थुंकावी किंवा गिळावी. त्यानंतर नाकाने श्वास सोडावा, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा गंधच असतो.

टॅनिन लाळेतील प्रथिनांना पकडून ठेवते आणि जिभेवरचे वंगण कमी झाल्याने तुरटपणा जाणवतो. तरुण वाइनमध्ये ही पकड हिरड्यांवर खरखरीत लागते. मुरलेल्या वाइनमध्ये ती मखमलीसारखी किंवा बारीक खडूच्या पुडीसारखी व्हावी, पण नाहीशी होऊ नये. टॅनिनचा परिणाम घोटागणिक साठत जातो, म्हणून दोन घोटांमध्ये पाणी पिऊन मिनिटभर थांबावे, नाहीतर पाचवी वाइन उगीचच पहिलीपेक्षा कठोर ठरते. आम्लतेची गोष्ट वेगळी आहे. ती बाटलीत फारशी कमी होत नाही, मात्र तिच्याभोवतीचे फळ विरळ होत गेल्याने ती अधिक टोकदार भासू लागते. जुनी वाइन 'आंबट झाली' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आंबटपणा वाढलेला नसतो. त्याला झाकणारे पांघरूण गेलेले असते.

समतोल म्हणतात तो फळ, टॅनिन आणि आम्लता या तिघांमधला. बोर्दोचे १९७५ हे वर्ष यासाठी चांगले उदाहरण आहे : त्या वर्षीचे टॅनिन इतके कठीण होते की, ते मऊ होण्याची वाट पाहता पाहता अनेक बाटल्यांमधले फळच आधी संपले आणि कोरडा सांगाडा मागे राहिला. वाइनला किती वर्षे लोटली यापेक्षा तिचे तिन्ही घटक एकाच गतीने म्हातारे झाले का, हे पाहणे म्हणूनच अधिक उपयोगाचे आहे.

शेवटी लांबी. घोट गेल्यावर सुखद चव किती वेळ रेंगाळते ते मनात सेकंद मोजून पाहावे. फ्रेंच जाणकार त्या एका सेकंदाला 'कोदाली' म्हणतात. जळजळ, कडवटपणा किंवा आंबटपणा रेंगाळत असेल तर तो मोजू नये, फळ आणि तिसऱ्या थराचे गंध टिकतात तेवढाच वेळ धरावा. नाजूक, जवळजवळ पारदर्शक दिसणारी एखादी जुनी वाइन तोंडात क्षीण वाटते आणि मग तिची चव अर्धा मिनिट तोंडातून जात नाही, असे घडते. माझ्या मते जुन्या वाइनची थोरवी सर्वांत स्पष्टपणे येथेच कळते, आणि रंग किंवा भरीवपणा पाहून गुण देणारे नेमके येथेच चुकतात.

प्रश्न : अशा वाइनला शंभरपैकी गुण द्यावेत का?

उत्तर : द्यायचे असतील तर द्यावेत, पण ते कोणत्या मोजपट्टीने दिले हे स्वतःला विचारावे. डेव्हिस येथे तयार झालेली वीस गुणांची पट्टी मुख्यतः दोष शोधण्यासाठी होती. तिच्यावर निर्दोष पण कंटाळवाणी वाइन बऱ्यापैकी गुण मिळवते. अमेरिकी वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या शंभराच्या पट्टीत पन्नास गुण सुरुवातीलाच मिळतात, उरलेल्यांपैकी रंगाला ५, गंधाला १५, चव आणि लांबीला २०, आणि एकंदर दर्जा किंवा पुढे सुधारण्याची शक्यता यांसाठी १० असतात. पन्नास वर्षांच्या वाइनच्या भविष्याला गुण देण्यात काय हशील आहे, हे मला आजवर उमगलेले नाही. मी तीन ओळी लिहितो : ती आता कोठे आहे, किती टिकली, आणि मला दुसरा ग्लास हवा होता का.

प्रश्न : एकाच खोक्यातील, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या उघडल्या, एक अप्रतिम होती, दुसरी निर्जीव. असे होते का?

उत्तर : होते, आणि वय वाढेल तसे अधिक होते. प्रत्येक नैसर्गिक बूच वेगळे असते व त्यातून जाणारी हवाही वेगळी असते. पाच वर्षांत न दिसणारा हा फरक तीस वर्षांत उघड होतो. दीड लिटरच्या मॅग्नम बाटलीत वाइन दुप्पट आणि बूच एकच असल्याने ती सावकाश मुरते. एका बाटलीवरून त्या वाइनविषयी ठाम मत बनवू नये, आणि दुसऱ्याचे ठाम मत ऐकताना त्याने कोणती बाटली उघडली असेल याचाही विचार करावा.

प्रश्न : चाखल्यावर ही वाइन आणखी किती वर्षे टिकेल, हे सांगता येते का? आणि फ्रान्सबाहेरच्या लाल वाइन खरोखर मुरतात का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजापुरतेच देता येते. फळ अजून ताजे, टॅनिनची पकड शाबूत आणि तिसऱ्या थराचे गंध नुकतेच उमलू लागलेले असतील, तर दुसरी बाटली निर्धास्त ठेवावी. सुकलेले फळ आणि माती समसमान झाली असतील, तर ती शिखरावर आहे आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत उघडावी. ग्लासात वीस मिनिटांत ती खाली येत असेल, तर उरलेल्या बाटल्यांसाठी आजच माणसे बोलवावीत. मध्येच काही वाइन काही वर्षे मुकी राहते, ना तरुण फळ ना मुरलेला गंध. तेव्हा ती संपली असे समजून उरलेल्या बाटल्या देऊन टाकण्याची घाई करू नये.

दुसऱ्या प्रश्नाला इतिहासाने उत्तर दिले आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये ब्रिटिश वाइन-व्यापारी स्टीव्हन स्पुरियर यांनी भरवलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबले झाकून चाखताना कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सच्या १९७३ च्या काबर्नेला बोर्दोच्या नामांकित वाइनच्या पुढे पहिला क्रमांक दिला. त्यावर एक आक्षेप असा घेतला गेला की, कॅलिफोर्नियाच्या वाइन तरुणपणीच भुरळ घालतात, बोर्दो वर्षांनी उलगडते. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच लाल वाइन लंडन आणि कॅलिफोर्नियातील नापा येथे एकाच दिवशी पुन्हा चाखल्या गेल्या. पहिली पाचही स्थाने कॅलिफोर्नियाला मिळाली आणि पहिली आली ती रिज माँते बेल्लोची १९७१ ची वाइन, जी पॅरिसमध्ये पाचवी होती. चाळिशीकडे झुकलेल्या, प्रत्येकी वेगळ्या बुचाच्या बाटल्यांवरून साऱ्या प्रदेशांचा न्याय होतो असे मी म्हणणार नाही. मात्र फ्रान्सबाहेरची वाइन मुरत नाही, हे विधान त्या दिवसापासून कोणी गंभीरपणे करू शकत नाही.

प्रश्न : अर्धी बाटली उरली तर दुसऱ्या दिवशी चालेल का?

उत्तर : तरुण वाइन चालते, कधी सुधारतेही, पंचवीस वर्षांची क्वचितच. ठेवायचीच असेल तर लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पिण्यापूर्वी तासभर बाहेर काढावी. बाटलीच्या तळाशी साक्यासह उरलेला अर्धा पेला मात्र मी फेकत नाही. तो झाकून ठेवतो आणि सकाळी हुंगतो. रात्री संशय घेतलेला ओल्या पुठ्ठ्याचा वास सकाळी स्पष्ट उभा असेल, तर आदल्या दिवशीच्या नोंदीत मी तसे दुरुस्त करतो.